लिप बामची पाठ वाचणारे कोणी आहेत का इथे?

सुमा_पार्लेकर

नमस्कार मंडळी. मुंबईत राहून ओठ फुटतात म्हटलं की लोक आधी हसतात, "तू काय काश्मीरला राहतेस का" वगैरे. पण ऑफिसात माझी खुर्ची बरोब्बर एसीच्या झोताखाली आहे, बीकेसीतल्या काचेच्या डब्यात दिवसाचे नऊ तास, आणि गेले दोन महिने ओठांची सालं निघताहेत. वरचा ओठ तर कडेने लाल होऊन चुरचुरतो, पावभाजी खायची सोय राहिली नाही.

म्हणून मॉलमधून एक जरा महागातला बाम आणला. साडेचार ग्रॅमची कांडी, २४९ रुपये. पुढच्या बाजूला कोकमाचं चित्र, मधाचा थेंब, आणि मोठ्या अक्षरात "कोकम बटर आणि मध". लावला की दहा मिनिटं मस्त गार वाटतं, मग परत कोरडं, मग परत लावा. दिवसातून पंधरा-सोळा वेळा लावत होते, खोटं नाही सांगत.

रविवारी बाबांचं पेपर वाचायचं भिंग घेऊन मागची यादी उतरवून काढली (अक्षरं मुंगीएवढी). एरंडेल तेल, मधमाशीचं मेण, कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, कँडेलिला मेण, पेपरमिंट ऑइल, परफ्यूम, टोकोफेरॉल, कोकम बटर, मधाचा अर्क, लिमोनीन, लिनालूल, सीआय १५८५०. आणि शेजारीच बाबांची टाचांना लावायची डबी होती, तिच्यावर एकच ओळ: व्हाइट पेट्रोलियम जेली, आयपी. संपलं!

तर प्रश्न असा की या दोघांत खरंच फरक काय? आणि ती यादी वाचून आपल्यासारख्याला काही कळू शकतं की नुसतंच डोळे फोडायचे?

गिरगावकर

खोबरेल लावा. धागा संपला.

लोकलवाली

सुमा, तुझ्याकडे निदान यादी तरी आहे गं! मी ७:४२ च्या लेडीज डब्यात शंभरला तीन घेतले होते, स्ट्रॉबेरी, ऑरेंज आणि एक निळा, तो कसला ते देव जाणे. त्यावर कंपनीचं नाव नाही, तारीख नाही, काही नाही. स्ट्रॉबेरीचा वास एवढा की बाजूची बाई म्हणाली जॅम सँडविच आणलंय का. लेकीने दोन दिवस लावला नि तिच्या ओठाभोवती पुरळ. मग माझीच मला लाज वाटली, वीस रुपयांची कोथिंबीर घेताना तिला उलटीपालटी करून बघते आणि पोरीच्या तोंडाला लावायची वस्तू घाटकोपर ते कुर्ल्याच्या दरम्यान पारखून घेतली.

रसायनी

सुमाताई, माझं पोट या धंद्यावरच आहे (क्रीम-लोशनचं फॉर्म्युलेशन, बावीस वर्षं), त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट. यादीत जे जास्त घातलंय ते आधी, कमी ते नंतर, असा नियम आहे. आपल्याकडच्या २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्समध्येही तेच आहे. पण त्यात एक मेख आहे. जे घटक एक टक्का किंवा त्याहून कमी आहेत ते शेवटी कुठल्याही क्रमाने लिहायला परवानगी असते. म्हणजे शेपटीत कोण पुढे कोण मागे याला अर्थ नाही. आता ती एक टक्क्याची रेघ नेमकी कुठे, हे कंपनी सांगत नाही. पण आमच्यातला माणूस ती डोळ्यांनी ओढतो. परफ्यूम आणि टोकोफेरॉल दिसले की समजायचं, रेघ इथेच आसपास. टोकोफेरॉल म्हणजे व्हिटॅमिन ई, तुमच्या ओठांपेक्षा ते कांडीतल्या तेलाला खवट होण्यापासून जपायला जास्त असतं, आणि ते चिमूटभरच लागतं. तुमचं कोकम त्याच्याही मागे बसलंय. म्हणजे साडेचार ग्रॅमच्या कांडीत कोकम बटर बहुतेक ०.०४५ ग्रॅमच्या आतच. चित्र मात्र पुढे अख्ख्या फळाचं!

मधाचं तर सोडूनच द्या. मध पाण्यात विरघळतो, तेलात नाही. तुमची कांडी आहे सगळी मेण आणि तेलाची, पाण्याचा थेंब नाही त्यात. तिथे मध चमचाभर घातला तर तो खाली वेगळा बसेल. म्हणून नावापुरता अर्क.

दुसरी गोष्ट, गारवा. तो पेपरमिंटमधल्या मेंथॉलचा. मेंथॉल थंडी जाणवणाऱ्या नसांना नुसतं फसवतं, ओठ गार झालेले नसतात की ओले झालेले नसतात. उलट फुटलेल्या ओठावर ते चुरचुरतं. कापूर आणि फिनॉल घातलेले बामही त्यातलेच. म्हणून तुम्ही सोळा वेळा लावताय.

तिसरी, ती एका ओळीची डबी. पेट्रोलियम जेली ओठाला काही देत नाही, फक्त झाकण घालते. पण काय झाकण! त्वचेतून उडणारं पाणी ९८ टक्क्यांपर्यंत अडवते असा आकडा आमच्या पुस्तकांत असतो, बाकीची तेलं २०-३० टक्क्यांत घुटमळतात. एसीखाली तुम्हाला पाहिजे ते झाकणच.

गिरगावकर

म्हणजे खोबरेल २०-३० टक्के. बरं. माझी आजी ९१ वर्षं जगली खोबरेलावर, एवढंच नमूद करतो.

झंपी

आजी एसीत बसायची का हो काका? (ह. घ्या.)

बाय द वे आमच्या आज्जीचा उपाय बेंबीत तूप. ओठ फुटले बेंबीत तूप, डोळे चुरचुरले बेंबीत तूप, दहावीचा पेपर, बेंबीत तूप. माझी बेंबी लहानपणी समईसारखी दिसायची.

नाना_ठाणेकर

रसायनी साहेब, आपण पेट्रोलियम जेलीची एवढी वकिली करताय, पण नावातच पेट्रोलियम आहे. खनिज तेलातून डांबर काढतात त्यातच ही निघते. ओठावरचं निम्मं पोटात जातं. आम्ही काय गाडी आहोत? नैसर्गिक ते नैसर्गिक. केमिकल नको म्हणजे नकोच.

रसायनी

नाना, शंका रास्त आहे, पण थोडी जुनी. कच्च्या जेलीत नको ते हायड्रोकार्बन असतात हे खरं, म्हणूनच ती शुद्ध करून घेतात. सुमाताईंच्या डबीवर "आयपी" लिहिलंय ना, ते इंडियन फार्माकोपिया, औषधाच्या दर्जाची. सुटी, पिवळट, वास येणारी जेली मात्र घेऊ नका.

आणि तिचा जन्म ऐकण्यासारखा आहे. १८५९ साली रॉबर्ट चेसब्रो नावाचा तरुण केमिस्ट अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला टायटसव्हिलच्या तेलविहिरी बघायला गेला. पंपाच्या दांड्यांवर एक चिकट मेण साचायचं, कामगार त्याला शिव्या घालायचे आणि कापलं-भाजलं की तेच चोळायचे. त्याने ते घरी नेलं, शुद्ध केलं, १८७२ ला पेटंट घेतलं, तेच व्हॅसलीन. हा गृहस्थ म्हणे रोज एक चमचा खायचा, आणि ९६ वर्षं जगला. गिरगावकरांच्या आजीपेक्षा पाच जास्त :)

(खाऊ नका कोणी. सांगून ठेवतो, नंतर माझ्यावर येईल.)

राहिलं केमिकल. पाणी पण केमिकलच हो नाना. आणि नैसर्गिक म्हणाल तर त्या यादीतले लिमोनीन, लिनालूल अगदी नैसर्गिक आहेत, लिंबू-लव्हेंडरमधले. हवा लागून जुने झाले की तेच लोकांना ॲलर्जी देतात.

आंबोळी

कोकम बटर वाचून राहवलं नाही. आमच्याकडे त्याला मुठेल म्हणतात, कोणी भिरंडेलही म्हणतं. मे महिन्यात रातांबे (कोकमाची फळं) फोडले की सालांची आमसुलं, रसाचं आगळ, आणि बिया राहतात त्या काकी अंगणात वाळवायची. खडखडीत वाळल्या की वरचं टरफल काढायचं, आतला गर कुटायचा, मोठ्या टोपात पाणी घालून चुलीवर रटरट उकळायचं. वर तवंग येतो तो पळीने काढत जायचं, निवत आलं की मुठीत दाबून गोळा करायचा. मुठीत वळलेलं म्हणून मुठेल. प्रत्येक गोळ्यावर काकीच्या चार बोटांचे खड्डे असायचे, कुठला काकीचा नि कुठला आजीचा ते आम्ही खड्ड्यांवरून ओळखायचो!

रंग पांढरट-करडा, दगडासारखं घट्ट. मुंबईच्या मे महिन्यातपण वितळत नाही (खोबरेल २४-२५ डिग्रीलाच पाणी होतं, मुठेल ३८-४० लागतं). पळीत गरम करून पायाच्या भेगांत सोडायचं, आई गं, पहिला चटका आठवला. ओठांना मात्र नुसता गोळा घासायचा. वास थोडा धुरकट असतो, मॉलमध्ये कोणी २४९ देणार नाही.

सुमा, तुला हवं असेल तर माझा भाऊ पुढच्या आठवड्यात मालवणहून येतोय. दादरला भेटून देईन.

लोकलवाली

आंबोळी मला पण एक मूठ!! काकीची!

ओपीडी_चार

स्किनमध्ये रेसिडेन्सी करतेय, नाइट ड्यूटी आहे, पेशंट कमी म्हणून लिहिते. नेटवर बघून कोणाचं निदान करता येत नाही हे आधीच सांगते, पण सुमाताई "कडेने लाल होऊन चुरचुरतो" हे वाक्य मला खटकलं. नुसता कोरडेपणा असेल तर साल निघते. कडेने लाल आणि चुरचुर असेल तर काहीतरी लागतंय अशी शंका घ्यायची.

ओठाच्या लाल भागाची वरची थर पातळ, घामाच्या ग्रंथी नाहीत, तेलाच्या जवळपास नाहीत. म्हणून जे गालाला चालतं ते ओठाला चालेलच असं नाही. आमच्याकडे येणाऱ्यांत नेहमीचे संशयित म्हणजे सुगंध, पेपरमिंट-दालचिनीचे फ्लेवर, लॅनोलिन, प्रोपोलिस (मधमाश्यांचा डिंक), कधी कधी चक्क एरंडेल तेल, आणि हो, टूथपेस्ट. ती कोणाच्या लक्षातच येत नाही कारण दोनदा लावून आपण धुतो. दुसरं म्हणजे जीभ. ओठ कोरडा की जीभ फिरते, थुंकी वाळते, त्यातली एन्झाइम्स आधीच फुटलेल्या ओठाला आणखी खातात. बाम गोड लागत असेल तर जीभ जास्तच फिरते.

सगळं बंद करून नुसती साधी जेली तीन आठवडे, फरक नाही पडला तर पॅच टेस्ट. पाठीवर पट्ट्या लावतात, ४८ तासांनी काढून बघतात, मग परत एकदा दोन दिवसांनी. त्या काळात पाठ भिजवायची नाही, म्हणून मुंबईत मे महिन्यात कोणी तयार होत नाही.

झंपी

मे महिन्यावरून आठवलं, माझे ओठ दरवर्षी मेमध्येच फुटतात आणि त्याला कुठलाही बाम जबाबदार नाही. आंब्याचा चीक. कोय चोखायची आणि देठाकडची साल दातांनी सोलायची सवय. दरवर्षी ठरवते चाकूने कापून खाईन, दरवर्षी पहिली पेटी आली की माणुसकी विसरते.

मुळ्येमामा

यादीचाच विषय आहे तर आमच्या सोसायटीतला किस्सा. वरच्या मजल्यावरच्या जैन वहिनी सौंच्या मैत्रीण. पर्युषणात कांदा-बटाटा पण वर्ज्य. सौंनी त्यांना वाढदिवसाला लिपस्टिक दिली, आणि आमच्या कॉलेजकुमारीने पाठ वाचून जाहीर केलं की सीआय ७५४७० (हा रंगाचा नंबर) म्हणजे कार्माइन, म्हणजे कोचिनील नावाचे किडे वाळवून काढलेला लाल रंग. वहिनींनी लिपस्टिक चिमट्यात धरून परत दिली हो. शप्पथ. आता त्या दोघी कुठलीही डबी घेतली की आधी आमच्या कन्येकडे आणतात. मेण मधमाशीचं, लॅनोलिन मेंढीच्या लोकरीचं, तीही बाद. कँडेलिला पास, ते झुडपाचं.

सुमाताईंचा सीआय १५८५० कुठला?

रसायनी

तो कृत्रिम लाल, किड्याविड्याचा नाही. वहिनींना चालेल. पण त्याच कांडीत मधमाशीचं मेण दोन नंबरला आहे :)

चिंगुटली

पण पॅराबेन नाही ना त्यात? मी बाकी काही बघत नाही, फक्त "पॅराबेन फ्री" लिहिलंय का बघते. आणि अल्कोहोल फ्री.

रसायनी

चिंगुटली, पॅराबेनची गंमत सांगतो. पॅराबेन (जंतू वाढू न देणारे प्रिझर्वेटिव्ह) बदनाम झाले म्हणून अनेकांनी ते काढून दुसरं प्रिझर्वेटिव्ह घातलं, मिथाइलआयसोथायझोलिनोन. त्याने एवढ्या लोकांना ॲलर्जी दिली की अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसवाल्या डॉक्टरांच्या संस्थेने त्याला २०१३ चा "ॲलर्जेन ऑफ द इयर" केलं. आणि २०१९ ला त्याच संस्थेने पॅराबेनना "नॉन-ॲलर्जेन ऑफ द इयर" म्हणून गौरवलं. म्हणजे वर्गातला हुशार मुलगा काढून टाकला आणि जो आणला त्याने बाकं मोडली. हार्मोन्सवरून वाद आहेत, म्हणून युरोपात मर्यादा घालून दिलीय, एकटं मिथाइल किंवा इथाइल पॅराबेन ०.४ टक्के. आणि सुमाताईंच्या कांडीत पाणीच नाही, तिथे जंतू वाढणार कशात? असल्या कांडीवर "पॅराबेन फ्री" लिहिणं म्हणजे "कांदा फ्री श्रीखंड".

अल्कोहोलचंही तसंच. सिटाइल, स्टिअरिल, सिटोस्टिअरिल अल्कोहोल म्हणजे मेणासारखे मऊ पदार्थ, ते चांगले. डिनेचर्ड अल्कोहोल वरच्या पाचात दिसलं तर कोरड्या त्वचेवाल्यांनी ठेवून द्यावं.

गिरगावकर

"कांदा फ्री श्रीखंड" आवडलं. खोबरेलही पॅराबेन फ्री आहे.

नाना_ठाणेकर

मग आमचं कैलास जीवन? ते तर सगळं आयुर्वेदिक. भाजलं, कापलं, ओठ, टाच, सगळ्याला तेच. कोणाची हिंमत आहे का त्याला नावं ठेवायची?

ओपीडी_चार

नाना नावं कोण ठेवतंय, माझ्या हॉस्टेलच्या खोलीतपण डबी आहे. पण त्यातही कापूर आहे, राळ आहे. सध्या जो ओठ चिडलाय त्याला काही दिवस नको, टाचेला खुशाल लावा. आयुर्वेदिक असलं तरी लागू शकतं.

आणि खरी भीती मला या कशाचीच वाटत नाही. यादी नसलेल्या गोऱ्या करणाऱ्या क्रीमची वाटते. अकोल्याची बातमी आठवते का, २०२३ ची? ब्यूटी पार्लरमधून घेतलेलं क्रीम एका घरातल्या मायलेकी लावत होत्या आणि तिघींच्या किडन्या बिघडल्या. केईएमच्या लॅबमध्ये त्या क्रीममध्ये पारा सापडला. आपल्या नियमात चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा १ पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) वर चालत नाही. चारच दिवसांत उजळ झालं तर खूश होऊ नका, पारा तरी असेल नाहीतर स्टेरॉइड.

लोकलवाली

बाई गं. माझा तो निळा बाम आत्ताच्या आत्ता कचऱ्यात.

दहिसरचा_बंड्या

शांतपणे वाचत होतो. बाईकवर रोज दहिसर ते अंधेरी, हायवेची धूळ, ओठांचं पार वाळवंट झालंय. पुरुषांनी लावलं तर चालतं का हो? आणि चमकत नाही असं काही?

चिंगुटली

बंड्या, चमकलं तर हेल्मेटच्या आत कोणाला दिसणारे!

रसायनी

बंड्या, चमक एरंडेलामुळे येते, ते यादीत पहिलं नसलेलं घ्या. मेण वर असेल तर मॅट बसतं. आणि दुपारचं फिरणं असेल तर एसपीएफ ३० वालं बघा, ओठांत मेलॅनिन कमी, ऊन लागतंच. फक्त एसपीएफवाले जिभेला कडू लागतात. सुमाताईंसाठी तो फायदाच.

सुमा_पार्लेकर

तीन आठवड्यांनी उगवतेय, सॉरी, क्लोजिंग चालू होतं.

तर ओठ बरे झाले! पावभाजी खाल्ली काल. एक्स्ट्रा तिखट. ओपीडी_चार, तुला एक प्लेट माझ्याकडून. पेपरमिंटवाला बंद केला, बाबांच्या डबीतली जेली (वेगळी डबी आणली, टाचांची नाही), टूथपेस्ट बदलली, आणि त्याच आठवड्यात शेजारच्या मुलाने राजीनामा दिला म्हणून मी त्याच्या खुर्चीवर सरकले, तिकडे एसीचा झोत येत नाही. एकदम मस्त वाटतंय.

ओपीडी_चार

सुमाताई!!! तिन्ही गोष्टी एका आठवड्यात?? आता कशामुळे बरं झालं ते कसं कळणार?

सुमा_पार्लेकर

अगं हो ना, हे मला नंतर सुचलं. मग गेल्या सोमवारी मुद्दाम जुना बाम परत लावला, नव्याच खुर्चीवर, नवीच पेस्ट. मंगळवारी दुपारी वरच्या ओठाची कड लाल. बंद केला, शुक्रवारपर्यंत साफ. म्हणजे चोर तोच, पण पेपरमिंट की परफ्यूम की एरंडेल ते अजून माहीत नाही. पॅच टेस्ट नोव्हेंबरमध्ये बघते, आत्ता पाठ न धुता राहणं शक्य नाही.

एक बाकी नवीन सवय लागलीये, आता दुकानात सगळ्यांच्या पाठी वाचत उभी राहते. काल कोरफडीच्या जेलवर पुढे "९९ टक्के" आणि आत हिरवागार रंग. कोरफडीचा गर तर पाण्यासारखा असतो ना?

रसायनी

बरोबर, हिरवा रंग वरून घातलेला. आणि ९९ टक्क्यांत बहुतेक वेळा पाण्यात कालवलेली कोरफडीची पावडर असते. २०० पट आटवलेली पावडर लिटरला पाच ग्रॅम घातली की कागदावर १०० टक्के कोरफड झाली. ताई, तुम्ही आमच्या पोटावर पाय आणणार.

आंबोळी

आणि मुठेल कसं वाटलं ते नाही सांगितलंस? दादरला पूल चढून-उतरून दिलं होतं मी!

सुमा_पार्लेकर

अगं सांगायचंच होतं. तू दिलेले दोन्ही गोळे मी ओट्यावर वाटीत ठेवले आणि आंघोळीला गेले. बाहेर येते तर नवरा एक अर्धा चावून उभा. त्याला वाटलं कोकणातून पेढा आलाय. म्हणतो साखर कमी आहे, पण ओठ मऊ झाले.

झंपी

भावजींना विचार, बेंबीत जाऊन पडलं का.